विरळ हवेतला साक्षीदार

जॉन क्राकॉरचं ‘इन्टू थिन एअर’ मी आतापर्यंत तीनदा वाचलंय. पहिल्यांदा कॉलेजात असताना, वादळासाठी. दुसऱ्यांदा २०१८ साली लडाखहून परत आल्यावर, कारण तेव्हा आपणही थोडेफार त्यातलेच आहोत असं मला वाटायला लागलं होतं. आणि तिसऱ्यांदा गेल्या वर्षी, एका जुन्या मित्राने मला सव्वादोन मिनिटांचा एक व्हिडिओ पाठवला त्यानंतर. हा लेख त्या तिसऱ्या वाचनाबद्दल आहे. व्हिडिओकडे येतोच, पण आधी पुस्तक.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एका वादळात आठ माणसं मेली. क्राकॉर हा अमेरिकन पत्रकार तेव्हा डोंगरावरच होता. पैसे भरून एव्हरेस्ट चढवून देण्याचा धंदा कसा चालतो, यावर ‘आउटसाइड’ या मासिकासाठी लिहायला तो गेला होता. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा त्याच्या तुकडीचा प्रमुख. १० मे रोजी दुपारी क्राकॉर शिखरावर पोचला आणि संध्याकाळी कसाबसा खालच्या कॅम्पवर परतला. हॉल परतला नाही. तुकडीतला तरुण गाइड अँडी हॅरिस परतला नाही. शेजारच्या तुकडीचा प्रमुख स्कॉट फिशर परतला नाही. आधी मासिकात लेख आला, मग १९९७ साली पुस्तक. ते जगभर खपलं, अजून खपतंय. आपल्याकडे ट्रेकिंग करणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्ये त्याची पीडीएफ हमखास सापडते.

या पुस्तकाबद्दल बोलताना लोक वादळाबद्दल बोलतात, नाहीतर पैशाबद्दल. माझ्या मते पुस्तकाचा खरा विषय त्याच्या नावातच आहे: विरळ हवा. आणि विरळ हवेबद्दलची त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लेखकाच्या हातून झालेली एक चूक.

बर्फाच्या उतारावरचा माणूस

शिखरावरून उतरताना, कॅम्पच्या अगदी वरच्या बर्फाळ उतारावर क्राकॉरला एक माणूस भेटतो. अंधारून आलंय, बर्फ उडतोय. दोघं थोडं बोलतात. मग तो माणूस उतारावरून घसरत खाली जातो, उठतो आणि कॅम्पच्या दिशेने चालू लागतो. हा अँडी हॅरिस, असं क्राकॉरला वाटतं. वाटतं म्हणजे त्याची खात्रीच असते. दुसऱ्या दिवशी हॅरिस तंबूत नाही हे कळल्यावर तो शोधाशोध करतो आणि निष्कर्ष काढतो, की हॅरिस कॅम्पपर्यंत आला आणि शेवटच्या काही पावलांत वाट चुकून कड्यावरून पडला. हेच तो सगळ्यांना सांगतो. हॅरिसच्या घरच्यांनाही हेच कळतं.

काही आठवड्यांनी, इतरांशी बोलताना आणि तपशील जुळवताना, त्याच्या लक्षात येतं की उतारावर भेटलेला माणूस हॅरिस नव्हताच. तो होता दुसऱ्या तुकडीतला मार्टिन अ‍ॅडम्स आणि तो जिवंत होता.

मग हॅरिस कुठे होता? उपलब्ध पुरावा सांगतो की तो खाली आलाच नाही. वर अडकलेल्या हॉलला मदत करायला तो पुन्हा वर चढला. दुसऱ्या दिवशी पहाटे हॉलने रेडिओवर सांगितलं, की हॅरिस रात्री माझ्याजवळ होता, आता दिसत नाही.

या दोन कथांमधला फरक बघा. पहिल्या कथेत एक गाइड तंबूच्या दारात येऊन भरकटतो आणि मरतो. दुसऱ्या कथेत तोच माणूस, अंगात त्राण नसताना, दुसऱ्याला वाचवायला परत वर जातो. क्राकॉरच्या डोळ्यांनी ज्या क्षणी अ‍ॅडम्सला हॅरिस म्हटलं, त्या क्षणी हॅरिसच्या आयुष्यातली शेवटची कृती त्याच्याकडून काढून घेतली गेली. क्राकॉरला हे कळतं. पुस्तकात तो ही चूक लपवत नाही. घरच्यांना आपण काय सांगून बसलो, याचं ओझं पुस्तकभर त्याच्या मानेवर आहे.

पहिल्या वाचनात मला हे प्रकरण म्हणजे कथेतलं एक वळण वाटलं होतं. आता वाटतं की सगळं पुस्तक याच पानावर उभं आहे.

शरीर नेमकं काय करतं

हे समजायला थोडं शरीरशास्त्र लागतं. घाबरू नका, शाळेतल्या विज्ञानापेक्षा फार पुढे जाणार नाही.

आपण सर्रास म्हणतो, ‘वर ऑक्सिजन कमी असतो.’ ट्रेकच्या प्रत्येक रीलमध्ये हे वाक्य असतं. ते अर्धवट खरं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण समुद्रकिनाऱ्यावर जितकं, तितकंच एव्हरेस्टवर असतं, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. साधारण साडेपाच हजार मीटरवर तो निम्मा होतो. १९८१ साली ख्रिस्तोफर पिझो या डॉक्टरने एव्हरेस्टच्या माथ्यावर बसून तो मोजला, तेव्हा तो २५३ भरला, म्हणजे एक तृतीयांश. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोर हा दाबच असतो. जोर कमी म्हणून रक्तात ऑक्सिजन कमी.

शरीर यावर उपाय करतं. श्वास जोरात आणि भराभर चालतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं. ते पूर्वपदावर आणायला मूत्रपिंडं काही दिवस घेतात. तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे लागतात. म्हणून लेहला विमानाने उतरल्यावर दोन दिवस खोलीत पडून राहायला सांगतात. ही शिस्त आपल्याला फार महागात पडून मिळाली आहे. १९६२ च्या युद्धात सपाटीवरून थेट उंचीवर नेलेले जवान आजारी पडले. लष्करातल्या डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास करून १९६९ साली प्रसिद्ध केला आणि तो या विषयातला जगभर मान्य असलेला पायाभूत निबंध ठरला.

आता यात व्यायामाची भर घाला. सपाटीवर आपण पळतो तेव्हा मर्यादा येते ती मुख्यतः हृदय किती रक्त ढकलू शकतं याची. फुप्फुसांचं काम आरामात चाललेलं असतं. उंचीवर उलटं होतं. जोरात चढताना रक्त फुप्फुसातल्या बारीक नळ्यांमधून इतक्या वेगाने जातं, की कमी दाबाखाली त्याला पुरेसा ऑक्सिजन उचलायला वेळच मिळत नाही. म्हणजे तुम्ही जितका जोर लावाल, तितकं रक्त जास्त रिकामं राहतं. मैदानावर जिद्दीने जे मिळतं, ते इथे जिद्दीने हातचं जातं. सह्याद्रीत घाम गाळून कमावलेला फिटनेस उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. फिट माणूस उलट जोरात चढतो आणि लवकर आजारी पडू शकतो.

आणि मेंदू? २००७ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या एका तुकडीने एव्हरेस्टवरून उतरताना, ८,४०० मीटरवर, कपडे सोडून, मांडीतल्या धमनीतून स्वतःचं रक्त काढलं. चौघांच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबाची सरासरी २४.६ मिलिमीटर आली. आपल्या-तुमच्या रक्तात तो शंभरच्या आसपास असतो. हा आकडा घेऊन कुणी दवाखान्यात आला तर डॉक्टर त्याला मरणाच्या दारातला रुग्ण समजतील. ही माणसं चालत होती, बोलत होती.

थॉमस हॉर्नबाइन हा स्वतः एव्हरेस्ट चढलेला डॉक्टर. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एक विचित्र गोष्ट मांडली: उंचीवर ज्यांचा श्वास जास्त जोरात चालतो, म्हणजे जे चढायला जास्त सक्षम असतात, त्यांच्याच मेंदूवर नंतर जास्त परिणाम दिसले. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं, की जोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पाय चालतात, डोकं उपाशी राहतं.

यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे हे माणसाला जाणवत नाही. पाय दुखला तर कळतं. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला तर ते कळण्यासाठी मेंदूच लागतो. म्हणूनच वैमानिकांना कमी दाबाच्या खोलीत बसवून, स्वतःची लक्षणं ओळखायला मुद्दाम शिकवावं लागतं.

आनंदाने मरणारे

याची जुनी साक्ष १८७५ सालची आहे. गॅस्टन टिसांदिये आणि त्याचे दोन सहकारी, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली, ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून पॅरिसजवळून आकाशात गेले. बरोबर ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. फुगा आठ हजार मीटरच्या वर गेला. खाली आला तेव्हा दोघं मेलेले होते. टिसांदिये वाचला, पण बहिरा झाला.

त्याने नंतर जे लिहिलं ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात भीती नाही. वर जाताना आपल्याला त्रास झाला नाही, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता, असं तो सांगतो. आपण आठ हजार मीटरवर आहोत हे ओरडून सांगावंसं वाटलं, तर जीभ हलेना. ऑक्सिजनची नळी जवळच होती. ती उचलायला हात हलला नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही. वहीतलं त्याचं अक्षर हळूहळू वाकडं होत जातं.

उंचीबद्दलच्या साहित्याचा मी टिसांदियेला मूळपुरुष मानतो. उंचीवर काय होतं हे तर त्याने सांगितलंच. शिवाय आपल्याला तेव्हा कसं वाटत होतं आणि प्रत्यक्षात काय चाललं होतं यातलं अंतर त्याने दाखवलं. हे अंतर जो लेखक दाखवत नाही, त्याचं डोंगरावरचं लेखन मला आता खोटं वाटतं. माझं स्वतःचं धरून.

माझी गोष्ट, दोनदा

२०१८ साली आम्ही काही मित्र स्टोक कांग्रीला गेलो. लडाखमधलं साधारण सहा हजार मीटरचं शिखर. तेव्हा ते खुलं होतं. मी दर पावसाळ्यात कळसूबाई पळत चढणारा. आमच्यातला एक मित्र, ज्याला मी इथे नुसतं मित्र म्हणेन, तो पोट सुटलेला, चढाला मागे राहणारा. बेस कॅम्पवरून रात्री निघालो. ग्लेशियर ओलांडून वरच्या चढाला लागलो आणि काही वेळाने आम्ही दोघं परत फिरलो. बाकीचे पुढे गेले.

खाली आल्यावर मी फेसबुकवर मोठी पोस्ट लिहिली. ती लोकांना आवडली, खूप शेअर झाली. तिचा सारांश असा: मित्राची अवस्था वाईट होती. त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. तो घाबरला होता, खाली जाऊ म्हणत होता. मी ठणठणीत होतो, शिखर डोळ्यांसमोर होतं, पण मित्राला एकट्याला सोडणं जमलं नाही. शेवटी डोंगर तिथेच राहणार आहे, मैत्री महत्त्वाची, वगैरे. शेवटचा परिच्छेद तर आता वाचवत नाही.

मित्राने त्या पोस्टवर काही लिहिलं नाही. नंतर हळूहळू तो आमच्या ट्रेकना येईनासा झाला. मला वाटलं, लाजला असेल.

गेल्या वर्षी त्याने फोन बदलला आणि जुन्या फोनमधलं सगळं उतरवून घेताना तो व्हिडिओ त्याला सापडला. मागेपुढे काही न लिहिता त्याने तो मला पाठवला. अंधार. टॉर्चच्या उजेडात बर्फावर बसलेला मी. मित्राचा आवाज शांत. तो विचारतोय, ‘शंभरातून सात गेले किती?’ मी हसतो, म्हणतो त्र्याण्णव. ‘त्यातून सात?’ मी म्हणतो त्र्याऐंशी. मग पुन्हा त्र्याऐंशी. मग मला राग येतो. मी म्हणतो, ‘तुला भीती वाटतेय ना? मग तू जा खाली.’ हे मी तीनदा म्हणतो, जीभ जड झालेली. आणि हे सगळं म्हणताना माझ्या हातात बाटली आहे आणि मी झाकण उलट्या दिशेने फिरवतोय. शेवटी मित्राचा हात चौकटीत येतो, बाटली घेतो, उघडून देतो. व्हिडिओ संपतो.

उतरल्यावर कॅम्पवर दाखवायला लागेल म्हणून त्याने तो घेतला होता. तशी वेळ आली नाही. खाली येईपर्यंत मी शुद्धीवर आलो होतो आणि माझी गोष्ट तयार झाली होती.

मी त्याला फोन केला. मला खरंच हे आठवत नव्हतं, असं म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मला वाटायचं तुला आठवतंय. मुद्दाम तसं लिहिलंस.’

पाच वर्षं तो असं समजून चालला होता.

आठवण पुसली गेली असती तर समजू शकलो असतो. माझी तर बदलली होती. बाटली खरी, झाकण खरं, भीतीचा शब्द खरा. फक्त माणूस बदलला. क्राकॉरने अ‍ॅडम्सच्या जागी हॅरिसला बघितलं, मी माझ्या जागी मित्राला. आणि जी जागा सोयीची होती तिथे स्वतः जाऊन बसलो. नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग ऑक्सिजनच्या कमतरतेला फार नाजूक असतो. तिथे जी फट पडते ती खाली आल्यावर आपण भरतो आणि भरताना हातात येतं ते आपलं नेहमीचं सामान. मी फिट, तो ढिला. या समजुतीनेच ती फट भरली होती. ऑक्सिजनने फक्त फट पाडली. भरली मी.

स्वच्छ गद्याची अडचण

यानंतर ‘इन्टू थिन एअर’ पुन्हा वाचताना मला एक गोष्ट खटकली. त्याचं गद्य फार स्वच्छ आहे. घड्याळाच्या वेळा, कोण कुठे उभा होता, कुणाच्या अंगावर कुठल्या रंगाचा सूट. हे सगळं समुद्रसपाटीला बसून, अनेकांच्या मुलाखती घेऊन लिहिलंय. उंचीवर मन किती बेभरवशाचं असतं हे क्राकॉर सुरुवातीलाच मान्य करतो आणि म्हणूनच इतरांना विचारून पडताळा घेतल्याचं सांगतो. पण ज्यांना तो विचारतो, तेही त्याच हवेत होते. दहा धूसर साक्षींची बेरीज एक स्वच्छ साक्ष होते का? पुस्तकाची भाषा तशी ती होते असं गृहीत धरते.

तरीही पुस्तक श्रेष्ठ का, तर दोन ठिकाणी ही भाषा स्वतःच्या विरुद्ध साक्ष देते. पहिलं ठिकाण हिलरी स्टेपच्या माथ्यावरचं. खालून माणसं येतायत, थांबावं लागणार, म्हणून क्राकॉर हॅरिसला सांगतो, माझ्या पाठीवरच्या ऑक्सिजनचा कॉक बंद कर, वाचेल. हॅरिस चुकून तो पूर्ण उघडतो. पुढची काही मिनिटं क्राकॉरला फार बरं वाटतं, डोकं लख्ख होतं. त्याच मिनिटांत त्याची बाटली रिकामी होत असते. बरं वाटणं आणि बरं असणं यात किती अंतर असू शकतं, हे याहून साध्या प्रसंगातून कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

दुसरं ठिकाण दक्षिण शिखरावरचं. तिथे ठेवलेल्या ऑक्सिजनच्या बाटल्या रिकाम्या आहेत, असं हॅरिस म्हणत राहतो. त्यातल्या किमान सहा भरलेल्या होत्या. क्राकॉर नंतर स्वतःलाच विचारतो, की हा माणूस आजारी आहे हे मला का दिसलं नाही? त्याचं उत्तर प्रामाणिक आहे. एक तर स्वतःचं डोकं चालत नव्हतं. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हॅरिस गाइड होता, क्राकॉर पैसे भरून आलेला गिऱ्हाईक. गाइड आजारी पडू शकतो ही कल्पनाच या नात्यात बसत नव्हती. म्हणजे इथेही फट ऑक्सिजनने पाडली आणि समजुतीने भरली. बरोबरीचा दोस्त असता तर कदाचित त्याने विचारलं असतं, शंभरातून सात गेले किती?

बुक्रीव आणि सिनेमा

या पुस्तकाला उत्तर म्हणून अनातोली बुक्रीवने वेस्टन डिवॉल्टबरोबर ‘द क्लाइंब’ लिहिलं, तेही १९९७ सालीच. बुक्रीव हा फिशरच्या तुकडीचा गाइड. तो जोडऑक्सिजन न वापरता चढला आणि गिऱ्हाइकांच्या आधी खाली उतरला, यावर क्राकॉरने टीका केली. पण त्याच रात्री वादळात एकटा बाहेर पडून तिघांना परत आणणाराही बुक्रीवच, हेही क्राकॉर लिहितो. बुक्रीवचा मुद्दा शरीरशास्त्राचाच होता: जो बाटलीवर चढतो, त्याची बाटली संपली की तो एकदम कोसळतो, ज्याचं शरीर बाटलीशिवाय सरावलंय, त्याच्यावर ही वेळ येत नाही. क्राकॉरचा मुद्दाही शरीरशास्त्राचाच: बाटलीशिवाय चढणाऱ्या गाइडकडे दुसऱ्याचा विचार करायला शिल्लक काय राहणार? दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून हा वाद मिटला नाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी अन्नपूर्णेवर हिमप्रपातात बुक्रीव गेला. वाद एकाच बाजूच्या हातात राहिला.

२०१५ साली आलेला बाल्टासार कॉर्माकुरचा ‘एव्हरेस्ट’ हा सिनेमा बघायला देखणा आहे. पण उंची त्याला दाखवता येत नाही. त्यातला खलनायक वादळ आहे, कारण वादळ पडद्यावर दिसतं आणि दाब दिसत नाही. नटांचे चेहरे दिसावेत म्हणून मास्क वारंवार बाजूला होतात. माणसं मोठमोठी वाक्यं सरळ बोलतात. चूक करणारा माणूस प्रेक्षकाला लगेच ओळखू येतो. खऱ्या उंचीवर चूक करणारा माणूस स्वतःला आणि शेजाऱ्यालाही ठणठणीतच वाटतो, हीच तर मुख्य गोष्ट आहे. माझ्या मित्राचा सव्वादोन मिनिटांचा हलणारा व्हिडिओ या बाबतीत त्या सिनेमापेक्षा जास्त खरा आहे. त्यातला मी ठणठणीत माणसासारखा हसतोय.

उत्तरेकडचे तिघे

शेवटचा मुद्दा भारतीय वाचक म्हणून मांडावाच लागेल. सुरुवातीला आठ मृत्यू म्हटलं. त्यातले पाच डोंगराच्या दक्षिणेकडचे, ज्यांच्यावर पुस्तक आहे. उरलेले तिघे उत्तरेकडून, तिबेटच्या बाजूने चढत होते. ते भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचे जवान होते: त्सेवांग स्मान्ला, त्सेवांग पाल्जोर आणि दोर्जे मोरुप. तिघेही लडाखचे. त्यांनी रेडिओवरून शिखरावर पोचल्याचं कळवलं आणि ते परत आले नाहीत.

क्राकॉर त्यांना पुस्तकात जागा देतो, पण थोडी. ते शिखराच्या खालीच कुठेतरी थांबले असावेत, ढगांमुळे तेच शिखर वाटलं असावं, असं तो म्हणतो. तसं असेलही. त्या हवेत काहीही वाटू शकतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? पण इथे एक विषमता आहे. क्राकॉरला जे चुकीचं वाटलं, त्याला पुस्तकात पश्चात्ताप आहे, तपास आहे, दुरुस्ती आहे. त्यातून तो माणूस म्हणून आपल्याला जास्त कळतो. या तिघांना जे चुकीचं वाटलं असेल, ती फक्त एक चूक राहते. ते कुठल्या गावचे, कोण त्यांची वाट बघत होतं, त्या शेवटच्या चढावर ते एकमेकांशी काय बोलले, यातलं काही आपल्यापर्यंत पोचत नाही. हिरवे बूट घातलेला एक मृतदेह पुढे कित्येक वर्षं उत्तरेच्या वाटेवरची खूण म्हणून वापरला गेला. तो पाल्जोरचा असल्याचं बहुतेक जण मानत आले, काही जण मोरुपचा म्हणतात. गिर्यारोहक त्याच्या बुटांच्या रंगावरून आपण कुठवर आलो ते सांगत. लडाखला जाऊन, तिथल्या एका शिखरावर माझ्या फिटनेसची गोष्ट लिहून आलेल्या मला, ही नावं तिसऱ्या वाचनापर्यंत लक्षात राहिली नव्हती.

त्यामुळे ‘इन्टू थिन एअर’ वाचाच, पण अशा पुस्तकाला एक प्रश्न विचारत वाचा: दुरुस्ती कुणाच्या वाट्याला आली? हॅरिसच्या वाट्याला आली, कारण क्राकॉर परत आला, अ‍ॅडम्स जिवंत होता आणि फोन लागत होता. बुक्रीवच्या वाट्याला अर्धी आली. उत्तरेकडच्या तिघांच्या वाट्याला आलीच नाही.

मी माझी २०१८ ची पोस्ट उडवली नाही. उडवली असती तर सोपं झालं असतं. तिच्या खाली, मित्राला विचारून, त्या रात्री खरं काय झालं ते लिहिलं. मूळ पोस्ट ज्यांनी शेअर केली होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती दुरुस्ती दिसलीसुद्धा नसेल. मित्राने वाचली. खाली त्याने एकच ओळ लिहिली: ‘शहाऐंशी.’